सिंगल बेल

विजेच्या गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ती आवाज करत नाही. शोरूममधल्या मुलानं बॉनेटपाशी कान नेऊन दाखवला होता आणि आम्ही नवराबायको खुळ्यासारखे हसलो होतो. आता कोणी माझ्यापुढं ते कौतुक केलं तर मी त्याला उभं-आडवं झाडते. गाडीला आवाज असता तर त्या शनिवारी मी वळून पाहिलं असतं.

मे महिना, सकाळचे अकरा. मी माझ्या वडिलांना, तात्यांना, बरोबर घेऊन गाडी चार्ज करायला निघाले होते. आमच्या सोसायटीच्या चेअरमननं पार्किंगमध्ये चार्जर बसवू दिला नाही. त्याच्या मते त्यानं सगळ्या बिल्डिंगचे दिवे मिणमिणतील. म्हणून कॉलेजच्या ऑफिसला सुट्टी असली की मी चार्जर शोधत भिवंडीभर फिरते. एरवी कशेळीला गोदामांच्या बाजूला जाते, पण त्या दिवशी तिकडं ट्रकची रांग लागली होती. मोबाइलमधल्या ॲपनं नदीनाक्याच्या पुढं एका पंपावर ‘चार्जर उपलब्ध’ असं हिरव्या अक्षरांत दाखवलं. तिथं पोचले तर चार्जरवर गोणपाट टाकलेलं आणि वॉचमन म्हणतोय, “मॅडम, दो महिने से बंद है.”

माझा पारा चढला. बॅटरी एकोणीस टक्के. तात्यांना गाडीतच बसवलं, ऊन रणरणत होतं म्हणून एसी चालू ठेवला, आणि भिंतीच्या सावलीत जाऊन दुसरा चार्जर शोधू लागले. एसी चालू म्हणजे गाडी चालू. आमच्या गाडीला किल्ली नाही, माझा मोबाइल हीच किल्ली. तो जवळ असला की ती उघडते, सुरू होते. मोबाइल माझ्या हातात होता म्हणून मला वाटलं, गाडीही माझ्याच हातात आहे.

चार-पाच मिनिटं मी त्या वॉचमनशी हुज्जत घातली. वळले तर गाडी जागेवर नव्हती.

पहिल्यांदा मनात आलं ते चोरीचं. पण चोरापेक्षा वाईट गोष्ट मला माहीत होती. तात्या शहात्तर वर्षांचे. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, भिवंडी डेपो, त्यातली निम्मी वर्षं गणेशपुरीच्या गाडीवर. एकही अपघात नाही. त्याचा बिल्ला अजून शर्टाच्या आत बनियनला लावतात. पण दीड वर्षापासून त्यांचं डोकं हातातून निसटत चाललंय. कधी मला ओळखतात, कधी मला माझी आई समजतात, कधी सकाळी सहाला खाकी शर्ट मागतात. डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही स्कूटरची किल्ली लपवली, लायसन लपवलं. मोटारगाडीचं काही लपवायची गरज वाटली नाही, तिला किल्लीच नव्हती ना.

ॲप उघडलं. नकाशावर निळा ठिपका, आमची गाडी. शेलारच्या दिशेनं सरकत होता. वेग चौतीस.

“अंकल खुद गए,” वॉचमन मागून म्हणाला. “मेरे को लगा आपने बोला.”

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे गाडीचा नंबर विचारत होती. म्हटलं, गाडी बंद करा, आत्ता. ती म्हणाली, “मॅम, चलती गाड़ी को हम बंद नहीं कर सकते, सेफ्टी का सवाल है.” एकदा सुरू झालेली गाडी मोबाइल लांब गेला तरी चालत राहते, बंद केली तरच पुन्हा सुरू होत नाही, असंही तिनं समजावलं. फोन ठेवल्याबरोबर मेसेज आला, आमची सेवा कशी वाटली, पाच तारे द्या. मला तो मोबाइल भिंतीवर फोडावासा वाटला. पण तात्यांपर्यंत पोचायची तेवढीच एक वाट होती.

रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. ड्रायव्हरनं नाव सांगितलं किशन. गणेशपुरीकडच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, अंगानं काटक. मी आत बसून एवढंच म्हटलं, “वाडा रोडला घ्या, माझे वडील गाडी घेऊन गेलेत, त्यांना काही आठवत नाही.” त्यानं एकदा आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि रिक्षा अशी काढली की मी बाकड्यावरून घसरले. भाड्याचा शब्द त्यानं काढला नाही.

नवऱ्याला, अनंताला, फोन केला. तो ठाण्यात बँकेत. तो म्हणाला, मी पोलिसांना कळवतो, तू तात्यांना फोन लाव. तात्या कधीच फोन उचलत नाहीत, म्हणून अनंतानं त्यांच्या मोबाइलमध्ये अशी सोय केली होती की गाडीत असताना फोन आपोआप उचलला जावा आणि आवाज गाडीच्या स्पीकरवर यावा. मी लावला. दोन रिंग झाल्या आणि लागला. एसीचा घुंऽऽ असा आवाज, त्यामागं एखाद्या ट्रकचा हॉर्न.

“तात्या, मी रुचिरा बोलतेय. गाडी बाजूला घ्या.”

काही नाही.

“तात्या, ऐकू येतंय का?”

“तू गप बस,” तात्या म्हणाले. “मला रस्ता माहीत आहे.”

ते माझ्याशी बोलत नव्हते. आमच्या गाडीत नकाशा वाचून दाखवणारी एक बाई आहे. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा,’ असं पडद्यातून सांगते. तात्यांचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून राग. “ही मला रस्ता शिकवणार? हिनं कधी रात्रीचा मुक्काम केलाय का पाड्यावर?” आम्ही हसायचो. मी तर मुद्दाम तिचा आवाज वाढवायची, तात्यांना चिडलेलं बघायला. आता गाडीच्या त्याच स्पीकरमधून माझा आवाज येत होता, आणि तात्यांच्या लेखी मी तीच बाई होते.

मग मी एक मूर्खपणा केला. ॲपमध्ये गाडीला पत्ता पाठवता येतो. इथून ‘घर’ दाबलं की तिथं पडद्यावर घरचा रस्ता उमटतो. मला वाटलं, निळी रेघ दिसली तर हात आपसूक वळतील. मी दाबलं. फोन चालूच होता, त्यामुळं तिकडचं सगळं मला ऐकू आलं. ती बाई गोड आवाजात म्हणाली, “शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या.” पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तात्या ओरडले, “शेड्यूलवर आहे मी, मागं कशाला वळू?” आणि ब्रेकचा करकचून आवाज झाला, मागून ट्रेलरचा हॉर्न, लांबच लांब, संपेचना. मी डोळे मिटून घेतले. ठिपका रस्त्याच्या मधोमध थांबला होता. रद्द करण्याचं बटण तीनदा चुकलं. चौथ्यांदा लागलं. बाई गप्प झाली, पाठोपाठ फोनही कट झाला. थोड्या वेळानं ठिपका हलला, पुढंच, वाड्याच्या दिशेनं.

“काय झालं, ताई?” किशननं विचारलं.

“काही नाही. माझंच डोकं फिरलंय,” मी म्हटलं आणि रडू आवरलं.

शेलारला ठिपक्याचा वेग कमी झाला. दहा, पाच, मग पुन्हा तीस. कवाडला तसंच. किशनला मी मोठ्यानं सांगत होते, सांगितल्याशिवाय बसवत नव्हतं. तो म्हणाला, “शेलारला हळू, कवाडला हळू. ताई, हे तं यष्टीचे थांबे हाय. पॅसेंजर बगतात ते.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तात्या वाट चुकले नव्हते. ड्युटीवर होते. थांबा आला की हळू करायचं, कोणी हात केला तर घ्यायचं, नाही तर पुढं. कसं सांगू, त्या भीतीतही एक क्षण मला त्यांचा अभिमान वाटला. बायको गेल्याचं त्यांना आठवत नाही, लेक डोक्यात जाऊन-येऊन असते, पण थांबे जागच्या जागी होते.

तो क्षण फार टिकला नाही. ते कुठवर जातील ते बघावं म्हणून मी ॲपमध्ये गणेशपुरी टाकलं. निळी रेघ उमटली: अनगाव, मग सरळ अंबाडी, मग वज्रेश्वरी, गणेशपुरी. बॅटरी पोचेल, चार टक्के उरेल. मी किशनला म्हटलं, “अंबाडीपर्यंत सरळच आहे ना?”

किशननं मान वळवली. “सरळ न्हाय जात आता. अनगावच्या फुडं वढ्यावरल्या मोरीचं काम हाय. जुना रस्ता खनून ठेवलाय, ह्यो येवडा.” त्यानं एक हात सोडून डोक्याच्या वर नेला. “दोन म्हयने झाले. गाड्या उजव्या अंगानं कच्च्या वाटंनं काडतात.”

“पत्रे लावलेत ना पुढं? फलक असेल.”

“पिपं व्हती. फटफटीवाल्यांनी सरकवली बाजूला, तिथनं पायवाट काडली.” त्यानं पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. “नव्या मान्साला कळतं, फुडच्या गाडीमागं जातो. जुना मानूस सरळच जाईल, ताई.”

मी मोबाइलकडं पाहिलं. निळी रेघ त्या मोरीवरून नाकासमोर गेली होती. नकाशाला मोरी माहीत नव्हती आणि तात्यांनाही नव्हती. त्यांचं आणि त्या बाईचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते माणसाला खड्ड्यात घालणारं होतं.

“किती लांब?”

“त्यांना धा-बारा मिंटं. आपल्याला ईस.”

अनंताचा फोन आला, पोलिसांनी पुढं कळवलंय, अंबाडीहून गाडी निघतेय. अंबाडी मोरीच्या पलीकडं. म्हणजे तीही वेळेवर येणार नव्हती. मी अनंताला काही न बोलता कट केलं आणि पुन्हा तात्यांना लावला. या वेळी तात्यांचा आवाज नव्हता. एका बाईचा होता, खरीखुरी बाई, म्हातारी.

“कोन बोलतंय गाडीत?” ती घाबरून विचारत होती. “डायवरदादा, ह्या डब्ब्यात कोन हाय?”

“आज्जी, तुम्ही कोण?” मी ओरडले. किशनची रिक्षा हलली.

“मी गुणाबाय. वज्रेसरीच्या बाजारात चाललेय, जांभळं घेऊन. हात केला, ह्यांनी घेतली. तू कुठनं बोलते, बाय?”

तात्यांनी पॅसेंजर घेतला होता. आतापर्यंत माझा एक माणूस त्या गाडीत होता, आता दोन झाले, आणि दुसरीचा काही दोष नव्हता, तिनं फक्त हात केला होता. मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं: मी त्यांची मुलगी, ते आजारी आहेत, त्यांना गाडी थांबवायला सांगा, पुढं रस्ता खणलाय.

गुणाबाईला मोरी माहीत होती. “आवो दादा,” ती म्हणाली, “थांबवा गाडी. मला उतरायचं हाय. थांबवा ना.”

“थांबा आल्यावर,” तात्या म्हणाले.

“आत्ता थांबवा. फुडं खड्डा हाय.”

“बाई, खाली बसा. ओरडू नका.”

ती रडवेली झाली. मला मात्र ते वाक्य लहानपणापासून पाठ होतं. तात्या घरी सांगायचे: पॅसेंजर ओरडला म्हणून गाडी थांबवली तर शेड्यूल बोंबललं. एकाला दाराशी उतरायचं असतं, दुसऱ्याला झाडाखाली. ड्रायव्हरनं मागं ऐकायचं नाही, फक्त बेल ऐकायची. कंडक्टरनं एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की सुटायचं. एकतीस वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नाही. आई तर जेवायला हाकच मारत नसे. ताटावर पळी एकदा वाजवायची, टण, आणि तात्या जिथं असतील तिथून, पेपर अर्धा टाकून, येऊन पाटावर बसायचे. आम्ही पोरं हसून लोळायचो.

“गुणाबाई,” मी म्हटलं, “तुमच्याजवळ पत्र्याचं, लोखंडाचं काही आहे का? वाजेल असं?”

“माप हाय. जांभळं मापायचा डबा.”

“आणि त्यावर मारायला?”

“हातात कडं हाय.”

“यष्टीची घंटी आठवते?”

ती म्हणाली, “आठवते तं. येक वाजली का थांबते.”

“एकच वाजवा. जोरात. एकच.”

मी मोबाइल कानाशी इतका दाबला होता की कान दुखत होता. ठिपका अनगाव सोडून पुढं गेला होता. वेग अडतीस. किशननं रिक्षा एका टँकरच्या डाव्या अंगानं घातली, आणि मी कशाला धरलं होतं ते मला आठवत नाही.

टण.

आणि लगेच धडाम, गाडी खड्ड्यात आदळली, आणि हात उडून पुन्हा, टण.

दोन बेल.

“चला,” तात्या म्हणाले, खूश होऊन. आणि ठिपक्याच्या बाजूचा आकडा वाढला. बेचाळीस. सेहेचाळीस. एकोणपन्नास.

मी किंचाळले असेन, कारण किशननं मागं वळून पाहिलं. गुणाबाई देवाचं नाव घेत होती, वज्रेश्वरीआईला हाका मारत होती. मला वाटलं संपलं. मीच सांगितलं, मीच दोन बेल दिल्या, आणि आता पाड्यावरची एक म्हातारी आणि माझा बाप एका नियमापायी जातील. इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही.

“मावशी,” मी म्हटलं. “मावशी, ऐका. डबा मांडीवर नको. हवेत धरा. मारलं की कडं लगेच लांब घ्या. रस्ता सपाट लागला की मारा. तुम्हीच बघा, मला इथून दिसत नाही.”

“बरं, बाय.”

एसीचा आवाज. तात्या काहीतरी गुणगुणत होते. मी मनात मोजू लागले आणि आकडे पुढं सरकेनात.

टण.

एकच. खणखणीत.

दुसरी येते की काय म्हणून मी वाट पाहत होते. आली नाही. त्याऐवजी टिक-टिक, टिक-टिक असा बारीक आवाज आला. डावीकडचा दिवा. तात्यांनी डावीकडचा दिवा लावला होता. आकडा उतरू लागला: तीस, अठरा, सात, शून्य.

“कोण उतरतंय?” तात्यांनी विचारलं.

मी कुजबुजले, “मावशी, उतरू नका. काही बोलू नका. दोनदा वाजेल असं काही करू नका. दोन वाजल्याशिवाय ते हलणार नाहीत.”

“न्हाय उतरत,” ती तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली.

त्यानंतरची आठ मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी उभी होती आणि मी काही करू शकत नव्हते. बाजूनं ट्रक जायचे, कोणी हॉर्न द्यायचा, एकदा दिला की मला वाटायचं, दुसरा दिला तर? एका मोटरसायकलवाल्यानं खरंच दोनदा दिला, पीं पीं, आणि मी सीटवर मूठ आपटली. ठिपका हलला नाही. तात्यांना बेल आणि हॉर्न यातला फरक अजून कळत होता. “उशीर होतोय,” ते एकदा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज वेगळा होता, बारीक. “कंडक्टर कुठं गेला?” गुणाबाई म्हणाली, “येतो हाय, दादा. बसा.”

पोचलो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती, डावीकडचा दिवा लुकलुकत होता. पुढं पन्नास पावलांवर दोन पिपं आडवी पडलेली, आणि त्यांच्यामध्ये रस्ता नव्हता. लाल माती, गजांचे सांगाडे, खाली काळं पाणी. मी तिकडं एकदाच पाहिलं. किशननं रिक्षा आमच्या गाडीच्या पुढं आडवी लावली, मग खाली उतरून तिथंच उकिडवा बसला आणि विडी काढली.

मी दार उघडलं. तात्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. कपाळ घामानं डबडबलेलं, एवढा एसी असून. माझ्याकडं पाहिलं. मला काय म्हणतील याची मला धास्ती होती, की तिकीट विचारतील, की आईच्या नावानं हाक मारतील.

“रुची,” ते म्हणाले, “तू कशी आलीस?”

“रिक्षानं. सरका पलीकडं, तात्या.”

ते वाद न घालता सरकले. मी ड्रायव्हरच्या जागी बसले. ती जागा त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम होती. मागं गुणाबाई जांभळांची पाटी पायाशी घेऊन बसलेली. तिनं मापाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला होता, त्यातून चुकूनसुद्धा आवाज निघू नये म्हणून. मी आल्यावरही तिनं तो सोडला नाही.

रागवायचं होतं, ते सगळं वाटेत संपलं होतं. शेवटी म्हटलं, “तात्या, मी फोनवर इतकं सांगत होते, थांबा म्हणून. का नाही थांबलात?”

तात्यांनी शर्टाच्या आत हात घालून तो बिल्ला चाचपला. समोरच्या पडलेल्या पिपांकडं पाहिलं. मग हळू म्हणाले, “थांबायचंच होतं ग मला. शेलारपासनं थांबायचं होतं. कुठं चाललोय ते कळेना, भीती वाटायला लागली. पण बेलच कोणी देईना.”

मी तोंडावर हात ठेवला. एवढा सगळा रस्ता मी त्यांच्यापायी भीत होते, आणि ते त्याच रस्त्यावर, एकटे, बंद काचेच्या आत, माझ्यासारखेच भीत होते. आणि आम्ही त्यांच्याशी बोलायला त्या पडद्यातल्या बाईला ठेवलं होतं.

किशननं काचेवर बोट टेकवून विचारलं, “ताई, जमल का? का मी नेऊ?” मी मान हलवली, जमेल. गुणाबाईला बाजारात सोडायचं होतं, निदान तेवढं तरी करायचं होतं. अनंताला ‘सापडले, पोलिसांना कळव’ एवढा मेसेज टाकून मोबाइल खिशात ठेवला, गाडीनं तो ओळखला, पडद्यावर हिरवा दिवा लागला. आता किशनच्या रिक्षामागून कच्च्या वाटेनं काढायची, एवढंच. पण पाय पुढं होईना. पेडलवर ठेवला की तो खड्डा दिसायचा. एक मिनिट गेलं, दोन गेली.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मागं वळून गुणाबाईपुढं हात केला. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजव्या हातात धरला आणि डाव्या हातातल्या अंगठीनं, एका पाठोपाठ एक, नेमके दोन ठोके दिले.

मी ब्रेकवरून पाय काढला.